नेरीनला पात येते, फूल येत नाही: दरवर्षी परतणाऱ्या दुखण्याचं निदान

नेरीन म्हणजे कंदापासून येणारं, शरदात फुलणारं फुलझाड. शरद लागला की ती पाळणाऱ्याचा सकाळचा उद्योग ठरलेला असतो. कुंड्यांसमोर उकिडवं बसायचं आणि कोरड्या मातीतून डोकावणाऱ्या कंदांच्या माना एकेक करून न्याहाळायच्या. एखाद्या मानेतून टोक वर येताना दिसलं की धडधड सुरू. टोक जरा फुगीर, लालसर आणि भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं असेल तर फुलाचा दांडा येतोय, म्हणजे जिंकलो. चपटं, हिरवं आणि जिभेसारखं बोथट असेल तर ती पात. नेरीन सार्निएन्सिस या जातीत नुसती पातच वर आली, तर त्या कंदाचं त्या वर्षीचं फूल बहुतेक गेलं असं समजावं.

"गेल्या वर्षी फुलली, यंदा नुसती पात." "चार वर्षं झाली, पात झकास, फुलाचा पत्ता नाही." नेरीनबद्दल कुणाशीही बोला, गाडी फिरून याच दोन वाक्यांवर येते. मीही बरीच वर्षं हीच रड गायली. दर शरदात घाईघाईने काहीतरी करायचो. पाणी वाढव, खत घाल, कुंडी बदल. त्याने पुढच्या वर्षाचंही फूल घालवून बसायचो. उशिरा का होईना, एवढं कळलं की चूक शरदात दिसते, पण घडलेली असते आधीच्या पातीच्या हंगामात किंवा त्यानंतरच्या सुट्टीत, म्हणजे कंद पानांवाचून झोपतो त्या काळात. कधी कधी त्याच्याही आदल्या वर्षी. त्यामुळे शरदात नुसती पात दिसली तर त्या दिवशी हातात खुरपं नको, वही घ्या.

आधी ओळख पटवा

पहिला प्रश्न पाण्याचा किंवा खताचा नसतोच. तुमच्याकडे कोणती नेरीन आहे, हा असतो. (उच्चार कुणी नेरीन करतं, कुणी नेरायनी. झाडाला फरक पडत नाही.) या प्रजातीत साधारण दोन डझन जाती येतात, आणि सगळ्या दक्षिण आफ्रिका व आसपासच्या देशांतल्या. पण त्या भूभागात पावसाचे दोन वेगळे हिशोब चालतात. पश्चिमेला, केपच्या टोकाकडे, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पूर्वेला, ड्राकेन्सबर्गच्या डोंगरांकडे, पाऊस उन्हाळ्यातला आणि हिवाळा कोरडा, कडक थंड. नेरीन सार्निएन्सिस ही केपजवळच्या टेबल माउंटन डोंगराच्या परिसरातली, म्हणजे पश्चिमेची. नेरीन बाउडेनी पूर्वेची. दोघी फुलतात शरदातच आणि फुलंही सख्ख्या नाही तरी चुलत बहिणींसारखी दिसतात: उंच दांडा, त्यावर गोल झुबका, मागे वळलेल्या लहरी पाकळ्या. म्हणून लोक दोघींना एकाच काठीने हाकतात.

प्रत्यक्षात एकीची रात्र तो दुसरीचा दिवस. सार्निएन्सिस उन्हाळाभर पानांवाचून झोपते, शरदात उघड्या कंदातून दांडा काढते, फुलता फुलता किंवा फुलून झाल्यावर पात सोडते. ही पात हिवाळाभर हिरवी राहते आणि वसंत सरताना पिवळी पडते. बाउडेनीची पात वसंतात येते, उन्हाळाभर वाढते, फूल येईपर्यंत वाळत आलेली असते, आणि झाड हिवाळ्यात झोपतं. एकीला उन्हाळ्यात दिलेलं पाणी औषध, तेच दुसरीला विष.

फिलिफोलिया, मासोनिओरम यांसारख्या गवतासारख्या बारीक पानांच्या लहान जाती आणखी वेगळ्या. त्या जवळजवळ वर्षभर हिरव्या राहतात, त्यांना पूर्ण कोरडं कधीच पडू द्यायचं नाही. बहुधा म्हणूनच सुरुवातीच्या माणसाकडे त्या बिनबोभाट फुलतात.

ओळखीचा हा गोंधळ आजचा नाही. पॅरिसमध्ये जाँ मोरँ यांच्या बागेत १६३४ च्या शरदात सार्निएन्सिस फुलली आणि पुढच्या वर्षी छापलेल्या वर्णनात तिला जपानी नार्सिसस (म्हणजे नरगिस) म्हटलं गेलं. मग इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर ती फुलू लागली. जहाज फुटलं, कंद लाटांनी किनाऱ्यावर आणले, वाळूत रुजले, अशी गोष्ट पसरली आणि नाव पडलं गर्न्सी लिली. सार्निया हे त्याच बेटाचं जुनं नाव, सार्निएन्सिस त्यावरून आलं. इंग्लंडमधल्या क्यू बागेसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसन यांना १७७० च्या दशकात ती टेबल माउंटनवर रानात सापडली, तेव्हा कुठे तिचं खरं घर कळलं. पुढे १८२० साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी प्रजातीला नाव दिलं तेही ग्रीक पुराणातल्या समुद्रकन्यांवरून, म्हणजे जहाजाच्या गोष्टीची आठवण ठेवून. डोंगरावरच्या खडकांत वाढणाऱ्या झाडाला समुद्राचं नाव कायमचं चिकटलं.

माझ्याकडे झालं ते याच नाटकाचं छोटं रूप. एका विक्रेत्याकडून सात कंद घेतले, पिशवीवर 'बाउडेनी' लिहिलेलं. मी बाउडेनीचे सगळे नियम पाळले. उन्हाळाभर पाणी, हिवाळ्यात कोरडं. कंदांनी वसंत संपता संपता पात टाकली तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन कंद बोटाने दाबल्यावर पचकन आत गेले. उरलेल्या चारांनी शरदात पुन्हा पात काढली, आणि मी ती हिवाळ्यात पाण्यावाचून वाळवली. सार्निएन्सिसला मारायचा याहून पद्धतशीर उपाय मला सुचला नसता. विक्रेत्याची चूक होतीच, पण पात तर माझ्या डोळ्यांसमोर येत-जात होती. मी लेबल वाचत राहिलो, झाड वाचलं नाही.

तेव्हा लेबल बाजूला ठेवा. एका वर्षात दोनच तारखा लिहा: पहिलं पान दिसलं तो दिवस आणि शेवटचं पान वाळलं तो दिवस. शरद ते वसंत अशी पात असेल तर ती हिवाळी नेरीन. वसंत ते शरद असेल तर उन्हाळी. संकरित जातींत मात्र डोकं खाजवावं लागतं. सार्निएन्सिस आणि बाउडेनीच्या संकरांत काही आईवर जातात, काही बापावर, काहींची पात मधल्याच वेळी येते. तिथे पुस्तकी नियम सोडा आणि तारखांवर विश्वास ठेवा. पात हिरवी असेल तेव्हा पाणी, पिवळी पडू लागली की हात आखडता, गेली की बंद. आणखी एक गंमत. पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धातून आणलेला कंद आपलं घड्याळ घेऊन येतो. त्याचा शरद तुमच्या वसंतात पडतो. अशा कंदाला नवं घड्याळ लागायला वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढ्यात त्याला नापास करू नका.

कंद चिरून पाहिला तेव्हा

त्या चारांपैकी एक पुढे बुडाशी कुजू लागला. जाणारच होता, म्हणून मी तो धारदार सुरीने मानेपासून बुडापर्यंत उभा चिरला. वेळ होती उन्हाळ्याच्या सुट्टीची. वरून तपकिरी कागदी साल, आत पांढऱ्या मांसल पापुद्र्यांचे थर. मधोमध पानांचा कोवळा, फिकट पिवळा कोंब. त्याच्या शेजारी, एका पापुद्र्याच्या आड, बोटाच्या पेराएवढी सुकलेली कळी. तपकिरी, कागदासारखी, नखाने ओढली तर भुगा होणारी. आणि पानांच्या कोंबाच्या आत, आणखी खोल, भिंगाशिवाय नीट दिसणार नाही असा गाठीसारखा एक ठिपका: पुढच्या खेपेची कळी.

ते पाहून माझा अर्धा प्रश्न सुटला. नेरीनच्या मोठ्या कंदात एका वेळी दोन पिढ्यांच्या कळ्या असतात. एक यंदाची, दुसरी पुढल्या वर्षासाठी बसलेली. दिसणाऱ्या फुलाची सुरुवात कंदाच्या पोटात खूप आधी झालेली असते. म्हणजे फूल न येण्याचे दोन वेगळे प्रकार झाले. एकात कळी बसलीच नाही. दुसऱ्यात बसली, वाढली आणि आतल्या आत मेली. वरून दोन्ही सारखेच दिसतात, नुसती पात. उपाय मात्र वेगळे.

प्रत्येक कंद चिरायची गरज नाही. कंद लहान, पात रोड आणि लोळणारी, कुंडी सावलीत असेल तर कळी बसलीच नसावी. कंद चांगला सुपारीपेक्षा मोठा, टणक, पात रुंद आणि ताठ, तरी फूल नाही, तर कळी बसून मेली असा संशय घ्यावा, आणि मग चौकशी उन्हाळ्याची करावी. जाणारा कंद मात्र फेकण्याआधी जरूर चिरा. बाउडेनीचे कंद विकताना त्यांचा परीघ सांगतात, १२/१४, १४/१६ सेंटिमीटर असा. त्यामागे हाच हिशोब असतो. ठराविक जाडीखाली कंदाच्या पोटात कळी धरण्याएवढं बळच नसतं. स्वस्तातली बारकी पिल्लं आणून पहिल्याच शरदात फूल मागितलं तर मिळणार नाही.

कळी बसलीच नाही

याचं कारण जवळजवळ नेहमी पातीच्या हंगामात सापडतं, आणि त्यातही पहिलं कारण ऊन. संग्रह करणाऱ्यांची एक खास चूक इथे सांगतो, कारण ती मी केली आहे. कुंडी फुलली की कौतुकाने घरात आणतो, टेबलावर ठेवतो. तीन-चार आठवडे फूल टिकतं. नेरीन कापून ठेवली तरी फुलदाणीत टिकाऊ, कुंडीत तर विचारूच नका. फूल गेल्यावर कुंडीत उरते हिरवी पात, दिसायला साधी, म्हणून ती खोलीच्या कोपऱ्यात सरकते आणि विसरली जाते. ती पात म्हणजे पुढच्या फुलाची कमाई. मी एक उत्तम लाल सार्निएन्सिस अशीच एका हिवाळ्यात पडद्याआड ठेवली. पात हातभर लांब झाली, कमरेत मोडली. पुढची दोन वर्षं फूल नाही. दांडा वाकला की त्याच दिवशी कुंडी सर्वांत उजेडाच्या जागी परत गेली पाहिजे. खोलीचा उबारा सार्निएन्सिसच्या पातीला मानवत नाही. रात्री ५ ते १० अंश सेल्सिअस अशा गार, कोरड्या, हलत्या हवेत ती आखूड, जाड आणि ताठ राहते. दव गोठण्याइतकी थंडी तिला सोसत नाही. बाउडेनी मात्र निचऱ्याच्या मातीत, कंद झाकलेला असेल तर उणे १० अंशांच्या आसपासही तग धरते.

दुसरं कारण पात लवकर जाणं. पिवळी टोकं बघवत नाहीत म्हणून कापणारे लोक आहेत. कापू नका, गाठ मारू नका, वेणी घालू नका. पात बुडाशी आपोआप सुटून हातात येईपर्यंत थांबा. हिवाळ्याच्या शेवटी एक ऊन कडक पडलं, पाणी द्यायचं राहिलं आणि पात महिनाभर आधीच वाळली, तरी तो महिना कंदाच्या पोटातून वजा होतो.

तिसरं खत. इथे लोक दोन टोकांना जातात. "नेरीनला खत लागत नाही, ती खडकात वाढते" असं ऐकून वर्षानुवर्षं काहीच न देणारे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शेणखत आणि नत्र भरभरून देणारे. नत्र जास्त झालं की पात दाट, गडद, लुसलुशीत, आणि कंद फुलण्याऐवजी पिल्लं काढत सुटतो. माझा मध्यम मार्ग असा: पात पूर्ण वर आल्यापासून ती पिवळी पडू लागेपर्यंत, पालाश जास्त आणि नत्र कमी असलेलं द्रव खत, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मं, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. सुट्टीत काही नाही.

कळी बसली आणि मेली

हा प्रकार जास्त चिडवणारा, कारण मेहनत सगळी झालेली असते. सार्निएन्सिसच्या बाबतीत गुन्हेगार साधारण दोघे, ओल आणि भट्टी.

ओल समजायला सोपी. सुट्टीवरच्या कंदाला भिजत ठेवलं की मुळं गुदमरतात, बूड कुजतं. जिथे उन्हाळ्यात किंवा उन्हाळा सरताना पाऊस असतो, तिथे हिवाळी नेरीन उघड्यावर ठेवण्यात अर्थ नाही. छपराखाली, पण उजेडात, वारा लागेल अशी जागा हवी. कुंडी आडवी पाडून ठेवणारेही आहेत. युक्ती बावळट दिसते, चालते मात्र.

भट्टीचं कमी लोकांना सुचतं. "उन्हाळ्यात कडक तापवा" हा सल्ला इतका ऐकलेला असतो, की काळ्या प्लास्टिकची पाच इंची कुंडी तापलेल्या फरशीवर भर उन्हात महिनोन् महिने पडून राहते. नेरीनची मुळं जाड आणि मांसल असतात, कंद झोपला तरी ती जिवंत राहतात. रानात ती दगडांच्या सांदीत, वरून ऊन पण खाली गारवा अशी असतात. कुंडीच्या कडेला लागलेली मुळं भाजून निघाली की कळीला पाणी पोचवणारं कुणी उरत नाही. मी आता सुट्टीतल्या कुंड्या मोठ्या कुंडीत उतरवून मधल्या फटीत वाळू भरतो. कंदाच्या माना उन्हात, मुळं सावलीत. महिन्यातून एकदा त्या वाळूवर थोडं पाणी, कुंडीत नाही. काही जुनेजाणते याला विरोध करतात आणि थेंबही देऊ नका म्हणतात. त्यांच्या मोठ्या मातीच्या कुंड्यांत, गार काचघरात ते खरंही असेल. माझ्या छोट्या कुंड्यांत तो नियम पाळून मी कळ्या मारल्या आहेत.

जागं करायचं कधी? जुनी रीत सांगते, कळी दिसेपर्यंत पाणी नाही. मी बहुतेक ती पाळतो. कळीचं टोक बोटभर वर आलं की कुंडी एकदा नीट भिजवायची, मग वरची माती सुकू द्यायची, मग पुन्हा. घाईने आधी पाणी दिलं तर पात जोर धरते आणि कळी मागे पडते. पण रीत अंधपणे पाळणाराही फसतो. शरद निम्मा सरला, कळी नाही आणि पानाचं टोक दिसलं, तर फुलाची आशा सोडा आणि पाणी सुरू करा. यंदाचं फूल गेलं म्हणून रागावून पात तहानलेली ठेवली तर पुढचंही जाईल.

बाउडेनीचं दुखणं उलटं. तिची कळी उन्हाळ्यात पात हिरवी असताना पोटात वाढते, तेव्हा तिला तहानलेलं ठेवायचं नाही. "नेरीन म्हणजे उन्हाळ्यात कोरडी" हे सार्निएन्सिसचं वाक्य बाउडेनीला लावणारेच तिच्या बिनफुलांची तक्रार करतात.

कुंडी आणि गर्दी

"नेरीनला गर्दी आवडते" हे निम्मं खरं. तिला मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून दाटीत राहू दिलेली कुंडी चांगली फुलते. दर वर्षी कौतुकाने कुंडी बदललीत तर ती दर वर्षी रुसेल. एका मोठ्या कंदाला कंदाच्या भोवती बोट-दीड बोट जागा उरेल एवढीच कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते. मात्र दाटीलाही शेवट असतो. कंद एकमेकांवर चढले, कडेचे चपटे होऊन वर उचलले गेले, फुलं दर वर्षी एक-एक कमी होत गेली, की उपसायची वेळ झाली. माझ्याकडे तीन-चार वर्षांनी एकदा. हिवाळी नेरीन सुट्टीच्या शेवटी, नवी मुळं फुटायच्या जरा आधी. उन्हाळी नेरीन वसंताच्या तोंडावर. जिवंत पांढरी मुळं कापू नका, फक्त वाळलेली काढा. त्या वर्षी फूल आलं नाही तर तक्रार करू नका, ते भाडं आहे.

माती म्हणजे खरं तर खडी. निम्मी जाडसर वाळू, बारीक खडी किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), उरलेलं साधं कुंडीचं मिश्रण. कंदाची मान मातीच्या वर, सार्निएन्सिसमध्ये तर खांदेही उघडे. खोल पुरलेला कंद दांडा काढण्यापेक्षा स्वतःला विभागण्यात वर्षं घालवतो. बाउडेनी कडक थंडीत जमिनीत लावायची असेल तर थोडी खोल चालते, तेवढाच अपवाद.

दांडा आला, पण फुललाच नाही

थोडक्यात: दांडा वर येत असताना माती पूर्ण सुकली, किंवा कुंडी गार जागेतून एकदम उबदार खोलीत आणली, तर कळ्या आवरणातच पिवळ्या पडतात. रात्रीत दांडा अर्धा कुरतडलेला दिसला आणि बाजूला चकचकीत रेघ असेल, तर गोगलगाय. बॅटरी घेऊन रात्री दहाला जा, सापडेल.

पात बिघडते तेव्हा

फूल न येण्यामागे कधी कधी पाणी-ऊन नसतंच. सुट्टीतला कंद हातात घ्या आणि मानेजवळची सुकी साल अलगद सोलून बघा. आत कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखं पांढरं काही असेल तर ते पिठ्या ढेकूण. ते नेरीनचे खरे वैरी, कारण सालीच्या आत, जिथे फवारा पोचत नाही, तिथे बसून वर्षभर रस शोषतात. स्पिरिटमध्ये बुडवलेला बारीक ब्रश घेऊन एकेक पुसायचे, सुकी साल सगळी काढून टाकायची, पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. कंटाळवाणं आहे, पण सुट्टीत निवांत वेळ असतो.

कंद मानेपाशी मऊ आणि आतून पोकळ लागला तर नार्सिसस माशीची अळी असू शकते. एकच जाड मळकट अळी कंदाचं काळीज खाऊन बसलेली असते. कंद गेला म्हणून समजा. पानांवर आणि दांड्यावर लालसर-तपकिरी लांबट डाग पडले, ते दबले आणि पान तिथे वाकडं झालं, तर स्टॅगोनोस्पोरा बुरशी. ओली पानं आणि कोंडलेली हवा तिला आवडते. डागाळलेलं पान खालपर्यंत काढा, वरून पाणी घालणं थांबवा, कुंड्या विरळ ठेवा.

विषाणूचं मात्र औषध नाही. पानावर लांबीच्या दिशेने फिकट पिवळे-हिरवे पट्टे, फुलाच्या रंगात चिरे, झाड दर वर्षी थोडं खुजं. मावा तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो, न पुसलेली सुरीही नेते. जुन्या, हातोहात वाटल्या गेलेल्या नामांकित जातींत विषाणू असणं नवल नाही, आणि तोच संग्राहकाचा कठीण क्षण: नाव मोठं, कंद दुर्मिळ, पात पट्टेरी. मी आता असा कंद ठेवत नाही. पूर्वी ठेवायचो, "वेगळ्या कोपऱ्यात" म्हणून. कोपरा वेगळा, मावा तोच.

कंद, पानं हाताळून झाली की हात धुवा. नेरीनच्या कुळातल्या झाडांत लायकोरीन नावाचं विष असतं. मूल किंवा कुत्रं कंद चावेल अशा जागी सुट्टीतले कंद पसरू नका.

बियांची वाट

विषाणूने वैताग आणला की बियांकडे वळावं, कारण बहुतेक विषाणू बियांतून पुढे जात नाहीत. नेरीनचं बी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. मटाराएवढं किंवा लहान, हिरवट-लालसर, मांसल. ते साठवता येत नाही. पाकिटात घालून ठेवलं तर पाकिटातच मुळी काढतं, आणि कधी कधी दांड्यावर असतानाच. एकदा मी पिकलेला झुबका तसाच ठेवून आठवडाभर बाहेर गेलो. परत आलो तर दांड्यावरच तीन बियांना पांढऱ्या मुळ्या फुटून हवेत लोंबत होत्या. असं बी खडीच्या मिश्रणावर नुसतं टेकवायचं, पुरायचं नाही. मुळी स्वतःच खाली वळते आणि टोकाशी बारीक कंद धरते. पहिली दोन वर्षं त्याला लांब सुट्टी देऊ नका, पात टिकेल तितकी टिकू द्या. फूल साधारण तीन ते पाच वर्षांनी.

संग्रहाच्या दुनियेतलं बरंच सोनं याच वाटेने आलं. इंग्लंडमधल्या एक्सबरी इथे रॉथशिल्ड कुटुंबाने सार्निएन्सिसचे संकर वाढवले. तो वारसा पुढे पीटर स्मिदर्स यांनी स्वित्झर्लंडमधल्या आपल्या बागेत नेऊन पिढ्यान् पिढ्या निवडून सुधारला, आणि नंतर ते कंद पुन्हा एक्सबरीला परतले. त्यातल्या कित्येक फुलांच्या पाकळ्यांवर सोनेरी किंवा चंदेरी चमक असते. चूर्ण वगैरे काही नसतं तिथे. पाकळीच्या वरच्या पेशी उजेड परतवतात, इतकंच. पण तिरप्या उन्हात ते पाहिलेला माणूस पुढची पाच वर्षं बिया पेरत बसतो.

माझ्या त्या 'बाउडेनी'च्या सातांपैकी तीन उरले. हिवाळी हिशोबावर आणल्यावर पहिल्या शरदात नुसती पात. दुसऱ्या शरदातही नुसती पात, पण रुंद आणि ताठ. तिसऱ्या शरदात दोघांनी दांडे काढले, नारिंगी-लाल, उन्हात सोनेरी भुरभुर असलेले. तिसरा कंद अजून फुललेला नाही. त्याची पात यंदा पहिल्यांदाच बोटाएवढी रुंद झाली आहे आणि मानेपाशी एक पिल्लू चिकटलंय. त्याला हात लावलेला नाही. लेबलवरचं 'बाउडेनी' खोडून त्याखाली मी पात आल्या-गेल्याच्या तारखा लिहितोय. आता तिथे जागा संपत आली आहे.